जुन्या घड्याळांचे लिलावमोल

१९४१ ते १९५४ या काळात जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीने १५१८ या क्रमांकाची २८१ मनगटी घड्याळे तयार केली. त्यांतली बहुतेक सगळी सोन्याची. पोलादी केसची आजवर फक्त चार सापडली आहेत. या चारांपैकी एक नोव्हेंबर २०१६ मध्ये फिलिप्स या लिलावसंस्थेने जिनिव्हात विकले, तेव्हा त्याला १ कोटी १० लाख स्विस फ्रँक मिळाले. तेच घड्याळ नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा लिलावात आले आणि किंमत कमिशनसह १ कोटी ४० लाख फ्रँकांच्या पुढे गेली. पोलादी घड्याळातले यंत्र सोन्याच्या घड्याळातल्यासारखेच आहे. महिना, वार, तारीख, चंद्रकला आणि सेकंदमापन या सोयीही त्याच आहेत. तरीही सोन्याच्या घड्याळाला याच्या कितीतरी खालची किंमत येते. म्हणजे ही किंमत धातूची नाही आणि यंत्राच्या करामतीचीही नाही.

मग ती कशाची? दुर्मीळता, कारागिरी आणि प्रसिद्ध मालक ही तीन कारणे नेहमी सांगितली जातात. तिन्ही खरी आहेत, पण त्यांच्या मुळाशी चौथे एक कारण आहे आणि ते नसेल तर ही तिन्ही निकामी ठरतात. लिलावात पैसे मोजले जातात ते खात्रीसाठी. हेच ते घड्याळ आहे, त्याचा प्रत्येक भाग कारखान्यातून निघाला तेव्हाचाच आहे, आणि मधल्या साठ-सत्तर वर्षांत त्याचे काय झाले हे सांगता येते, याची खात्री. मुंबईच्या घड्याळबाजाराचा इतिहास पाहिला तर हे जास्त स्पष्ट दिसते, कारण तिथे घड्याळे भरपूर होती, ती चालू ठेवणारे हात तयार होते, आणि नेमकी ही खात्री मात्र टिकली नाही.

आधी हे लक्षात घ्यायला हवे की जुन्या यांत्रिक घड्याळाची वेळ सांगण्याची उपयुक्तता पन्नासएक वर्षांपूर्वीच संपली. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सीको कंपनीने 'ॲस्ट्रॉन' हे क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीला आणले. त्याची चूक महिन्याला पाच सेकंदांच्या आसपास होती. उत्तम यांत्रिक घड्याळ तेवढे दोन-तीन दिवसांतच पुढेमागे होई. त्याच वर्षी, २८ ऑक्टोबरला, तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन संचांनी व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली होती. बोईसर-तारापूर पट्ट्यात पाळ्यांवर चालणारे कामगारजीवन पुढच्या दशकांत उभे राहिले, ते एचएमटीसारख्या चावीच्या घड्याळांच्या काळात. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत तयार होऊ लागलेले एचएमटी रोज सकाळी चावी देऊन वापरले जाई, आणि पाळी चुकू नये एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असे. पुढे स्वस्त क्वार्ट्झ आले, मग मोबाइल आला. स्वित्झर्लंडला हा फटका फार मोठा बसला. १९७० च्या सुमारास तिथल्या घड्याळ उद्योगात ९० हजारांच्या आसपास माणसे होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांतली जेमतेम एक तृतीयांश उरली.

याच पडझडीत संग्राहकांचा बाजार जन्माला आला. वस्तू कामाची उरली नाही की तिची दोन प्रकारे गणना होते: टाकाऊ म्हणून किंवा जपण्याजोगी म्हणून. ओस्वाल्दो पात्रिझी यांनी १९७४ मध्ये स्थापन केलेल्या अँटिकोरम या संस्थेने घड्याळांचे स्वतंत्र लिलाव भरवायला सुरुवात केली, छायाचित्रांसह जाडजूड सूची छापल्या, आणि १९८९ मध्ये जिनिव्हात केवळ पाटेक फिलिपच्या घड्याळांचा एक मोठा लिलाव घडवला. जुन्या घड्याळांना क्रमांक, वर्ष, उत्पादनसंख्या आणि पूर्वीचे मालक यांनी ओळखण्याची पद्धत अशा सूचींनी रुजवली. कंपन्याही मग आपलीच जुनी घड्याळे परत विकत घेऊ लागल्या. पाटेक फिलिपने २००१ मध्ये जिनिव्हात स्वतःचे संग्रहालय उघडले. स्वतः निर्माताच खरेदीदार म्हणून बाजारात उतरला की भावाला आधार मिळतो. आजच्या किमतींमागचे हे कारण कमी वेळा सांगितले जाते, पण ते लहान नाही.

आता दुर्मीळता. नुसते कमी संख्येने असणे पुरत नाही. जगात एकुलती एक असलेली असंख्य घड्याळे आहेत आणि त्यांना कोणी विचारत नाही. दुर्मीळपणाला मोल येते ते त्याच्याशेजारी ओळखीची, पुष्कळ आणि नीट नोंदवलेली घड्याळे असतात तेव्हा. १५१८ ची २८१ घड्याळे निघाली हे संग्राहकांना ठाऊक असल्यामुळेच चार पोलादी घड्याळांचे वेगळेपण कळते. शिवाय असा दुर्मीळपणा बहुधा त्या काळच्या नापसंतीतून तयार झालेला असतो. एवढे महागडे यंत्र पोलादात घेणारे गिऱ्हाईक १९४० च्या दशकात क्वचितच मिळे. रोलेक्सच्या डेटोना घड्याळाची कथा याच धर्तीची आहे. १९६० च्या दशकात त्याची काही घड्याळे निराळ्या डायलची निघाली: लहान वर्तुळांत चौकोनी खुणा, आकड्यांची वेगळी घडण, दोन-तीन रंग. दुकानांतून ती सहज खपत नसत. पुढे १९८० च्या दशकात इटलीतल्या व्यापाऱ्यांनी आणि संग्राहकांनी त्या डायलला अभिनेता पॉल न्यूमन यांचे नाव जोडले आणि तोच नावडता डायल सर्वांत हवासा झाला. एकेकाळी माणसांनी ज्याकडे पाठ फिरवली ते नंतर थोडेच उरते. पुढच्या पिढीला त्याची किंमत वाटू लागते तेव्हा त्याची संख्या कोणालाच वाढवता येत नाही.

पण दुर्मीळतेचा हा सगळा हिशेब डायल मूळचा आहे की नाही यावर उभा आहे, आणि इथेच घड्याळाचा स्वभाव इतर जुन्या वस्तूंपेक्षा वेगळा आहे. चित्र एकच असते; त्याची डागडुजी केली, एखाद्या कोपऱ्यातला रंग भरला, तरी ते तेच चित्र राहते. घड्याळ मात्र कारखान्यात मालिकेने तयार झालेले असते. त्याचा डायल, काटे, मशीन, काच, चावी आणि केस हे सगळे त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या घड्याळात बसू शकतात. कसबी हात असेल तर तीन मोडक्या घड्याळांतून एक चालू घड्याळ दुपारभरात उभे राहते. म्हणून मालिकेतल्या घड्याळाची ओळख एखाद्या भागात सापडत नाही. सगळे भाग पहिल्या दिवसापासून एकत्र राहिले आहेत, यातच ती असते. एक काटा बदलला तरी घड्याळ चालते, वेळ बरोबर दाखवते, आणि तरीही संग्राहकाच्या लेखी काही लाखांनी उतरते. वरवर हा हट्ट वाटतो, पण सर्व भाग अदलाबदल करता येण्याजोगे असतील तर अस्सलपणाची दुसरी कसोटी उरतच नाही.

ही कसोटी लावण्याच्या पद्धती चांगल्याच बारकाईच्या आहेत, आणि त्यांतली एक तारापूरच्या वाचकाला चटकन समजेल. अंधारात दिसावेत म्हणून काटे व आकड्यांवर लावलेला चमकणारा लेप १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियमचा असे. नंतर बऱ्याच कंपन्यांनी ट्रिटियम वापरले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेही सोडून किरणोत्सर्ग नसलेले लेप आणले. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे, ट्रिटियमचे १२ वर्षांहून थोडे अधिक. रेडियमच्या लेपातला झिंक सल्फाइडचा भाग काही दशकांत झिजतो, त्यामुळे डायल अंधारात चमकेनासा होतो. पण रेडियम जवळजवळ तेवढेच शिल्लक असते आणि किरणोत्सर्ग मोजणारा गायगर गणक जवळ नेला की तो ते लगेच दाखवतो. उलट ट्रिटियमचे किरण इतके क्षीण असतात की घड्याळाची काचही ते ओलांडत नाहीत. त्यामुळे १९५५ चे म्हणून दाखवलेल्या घड्याळाजवळ गणक शांत राहिला तर डायल नंतर रंगवला किंवा बदलला असण्याची शक्यता मोठी, आणि १९७५ च्या म्हणवणाऱ्या घड्याळाजवळ तो खडखडू लागला तर त्याचे भाग दुसरीकडून आलेले असणार. ट्रिटियमच्या डायलवर तळाला 'स्विस' शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'टी' हे अक्षर अनेकदा छापलेले असते; ते असून लेप ताजा चमकत असेल तरी शंका घ्यावी. अणुकेंद्रात किरणोत्सर्गाची मोजणी हा रोजच्या कामाचा भाग असतो. लिलावसंस्थेचे तज्ज्ञ त्याच भौतिकशास्त्राने वस्तूचे वय तपासतात.

याच्या जोडीला छपाई, केसच्या कडा आणि क्रमांक पाहिले जातात. जुन्या डायलवरील अक्षरे भिंगाखाली धारदार दिसतात. हाताने पुन्हा रंगवलेल्या डायलवर ती जाड आणि किंचित फुटलेली. केस वारंवार पॉलिश केली की तिच्या कडा गोल होतात आणि पाठीमागचे ठसे पुसट होतात. १९५० च्या दशकातल्या रोलेक्स जीएमटी-मास्टरवरचे बेकेलाइटचे कडे लवकर तडकत असल्यामुळे कंपनीने त्याऐवजी ॲल्युमिनियमचे कडे बसवले. आज मूळचे बेकेलाइटचे कडे टिकलेले घड्याळ मिळाले तर ते कडेच किमतीचा मोठा भाग ठरते. ज्या मालकांनी कंपनीकडे जाऊन दुरुस्ती करून घेतली नाही, त्यांच्याच घड्याळांना आता जास्त किंमत येते. ही गोष्ट विचित्र वाटली तरी वर सांगितलेल्या तर्काला धरूनच आहे.

मुंबईत नेमके याच्या उलट घडले. फाव्र-ल्यूबा आणि वेस्ट एंड वॉच कंपनी या स्विस घड्याळांनी एकोणिसाव्या शतकापासूनच मुंबईमार्गे भारतात जम बसवला होता. वेस्ट एंडची घड्याळे रेल्वे आणि सैन्य यांच्यामुळे लांबवर पोचली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले. नवे परदेशी घड्याळ मिळणे अवघड झाले, म्हणून जुने चालू ठेवणे भाग होते. कोकणच्या किनाऱ्यावर, तारापूर-चिंचणीपासून खाली रत्नागिरीपर्यंत, खाऱ्या आणि दमट हवेत डायल लवकर डागाळतो. घराण्यातले घड्याळ घड्याळजीकडे नेले की तो डायल नव्याने रंगवून द्यायचा, कुठले तरी काटे बसवायचा, केस चकचकीत करायचा. मालक समाधानी व्हायचा आणि घड्याळ आणखी दहा वर्षे चालायचे. वस्तूची काळजी घेण्याची ही पद्धत प्रामाणिक होती. तिच्यात लिलावाचा विचार नव्हता. तो असण्याचे काही कारणही नव्हते.

या कौशल्याचा पुढे व्यापार झाला. चोरबाजारातल्या आणि इतर ठिकाणच्या जुन्या घड्याळांच्या भागांतून जोडलेली, मूळ कारखान्याने कधीच न काढलेल्या रंगांच्या डायलची एचएमटी, फाव्र-ल्यूबा, सीको आणि सिटिझन घड्याळे इंटरनेटवरून जगभर विकली जाऊ लागली. परदेशी संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि एकमेकांना त्यांपासून सावध करतात. नवशिक्या खरेदीदाराला सावध करायला हे नाव उपयोगी आहे, पण ज्या कारागिरांनी भागांच्या टंचाईत हजारो घड्याळे जिवंत ठेवली त्यांच्यावर ते अन्याय करते. दोष दुरुस्तीचा नाही. दुरुस्त केलेले घड्याळ मूळचे म्हणून विकण्याचा आहे. हा फरक बाजारात पाळला जात नाही आणि त्याची किंमत या शहरातून आलेल्या अस्सल घड्याळांनाही चुकवावी लागते.

डायलइतकीच महत्त्वाची आहेत ती कागदपत्रे. पाटेक फिलिप जुन्या घड्याळाचा क्रमांक दिल्यावर आपल्या नोंदवहीतून ते कधी तयार झाले आणि कधी विकले गेले याचा उतारा देते. रोलेक्स असा उतारा देत नाही, म्हणून तिथे मूळ हमीपत्र, पावती, डबी आणि दुकानाचे नाव यांना अधिक वजन येते. भारतातल्या घड्याळांची इथेही अडचण आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत पश्चिम किनाऱ्यावर उतरणाऱ्या चोरट्या मालात सोन्याबरोबर परदेशी मनगटी घड्याळेही असत. अशा घड्याळाची पावती असणेच शक्य नव्हते. ज्यांनी ती घेतली त्यांनी त्याबद्दल लिहून ठेवले नाही. आज ते घड्याळ निखळ मूळ स्थितीत असले तरी त्याचा पूर्वेतिहास रिकामा असतो, आणि लिलावात रिकामी जागा म्हणजे संशय.

पूर्वेतिहास भरलेला असेल तर काय होते हे पॉल न्यूमन यांच्या स्वतःच्या डेटोनाने दाखवले. पत्नी जोअन वुडवर्ड यांनी दिलेल्या त्या घड्याळाच्या पाठीवर गाडी जपून चालवण्याची सूचना कोरलेली होती. न्यूमन यांनी ते १९८४ मध्ये आपल्या मुलीच्या मित्राला दिले. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये फिलिप्सने ते विकायला काढले, तेव्हा सुरुवातीलाच फोनवरून थेट १ कोटी डॉलरची बोली आली आणि बारा मिनिटांत हातोडा १ कोटी ५५ लाख डॉलरवर पडला. संस्थेचे कमिशन धरून एकूण १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर. घड्याळ चांगल्या स्थितीत होते, पण त्याच प्रकारच्या इतर घड्याळांशी तुलना केली तर या रकमेचा बहुतांश भाग कोरलेल्या ओळीचा आणि छायाचित्रांचा आहे. व्हिएतनामचे शेवटचे सम्राट बाओ दाई यांनी १९५४ मध्ये जिनिव्हात घेतलेल्या रोलेक्सला २००२ मध्ये सुमारे २ लाख ३५ हजार डॉलर मिळाले होते. २०१७ मध्ये त्यालाच ५० लाख ६० हजार स्विस फ्रँक मिळाले. घड्याळात काही बदलले नव्हते. पंधरा वर्षांत बदलले ते खरेदीदारांचे ज्ञान आणि त्यांची संख्या.

भारतीय वाचकाला जवळचे उदाहरण ५ मार्च २००९ चे आहे. न्यूयॉर्कमध्ये अँटिकोरमने महात्मा गांधींच्या काही वस्तू एकत्रित लिलावाला ठेवल्या: चष्मा, चपला, वाटी, ताट आणि झेनिथचे चांदीचे खिशातले घड्याळ. अंदाज वीस ते तीस हजार डॉलरचा होता. भारत सरकारने लिलाव थांबवण्याचा प्रयत्न केला, वृत्तपत्रांत गदारोळ झाला, आणि विजय मल्ल्या यांनी १८ लाख डॉलरच्या बोलीने त्या घेतल्या. गांधींच्या जीवनशैलीशी ही रक्कम विसंगत आहे असे तेव्हा म्हटले गेले, आणि ते खरेच आहे. पण गांधी मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवत आणि कमरेला लटकणारे घड्याळ त्यांच्या अनेक छायाचित्रांत दिसते. त्यांचे शिस्तीचे दिवस अशा घड्याळाशी जोडलेले आहेत. तो संबंध सिद्ध करता येतो म्हणूनच बोली चढली. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून रघुजी भोसले यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली, तेव्हाही निर्णायक ठरला तो पात्यावरचा सोन्याने कोरलेला देवनागरी लेख. तो नसता तर ती त्या काळच्या अनेक चांगल्या तलवारींपैकी एक ठरली असती.

लिलावाची पद्धत स्वतःही किंमत फुगवते हे मान्य करायला हवे. शेवटची किंमत दोन माणसे ठरवतात; बाकीच्या शंभर जणांनी हात कधीच खाली घेतलेले असतात. दोघांकडेही पैशाची मर्यादा नसेल तर ती वस्तूच्या कुठल्याही अंदाजापलीकडे जाते. १९३० च्या दशकात बँकर हेन्री ग्रेव्हज यांच्यासाठी पाटेक फिलिपने पूर्ण केलेले चोवीस करामतींचे खिशातले घड्याळ १९९९ मध्ये सुमारे १ कोटी १० लाख डॉलरला गेले आणि २०१४ मध्ये सोदबीजच्या जिनिव्हातील लिलावात २ कोटी ३२ लाख फ्रँकांना. तिथे कारागिरी हेच मुख्य कारण होते, पण एवढी झेप दोन निग्रही बोलीदारांशिवाय शक्य नव्हती. काही जण या सगळ्याला सट्टा म्हणतात. अलीकडच्या नव्या मॉडेलांबाबत ते बरेचसे खरे आहे. २०२२ मध्ये त्यांचे भाव चढून कोसळलेही. मात्र सट्टा हे कारण निवडकपणा समजावून देत नाही. पैसा सगळ्या घड्याळांमागे सारखा धावत नाही, मोजक्याच घड्याळांमागे धावतो, आणि ती मोजकी कोणती हे पुराव्यावरून ठरते.

पुरावा खोटा निघाला तर काय होते याचा दाखला नोव्हेंबर २०२१ च्या लिलावातला आहे. उन्हाने तपकिरी पडलेल्या डायलचे एक ओमेगा स्पीडमास्टर, क्रमांक २९१५-१, अंदाज ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँक असताना ३१ लाख फ्रँकांच्या वर गेले. खरेदीदार होते ओमेगाचेच संग्रहालय. २०२३ मध्ये उघड झाले की ते वेगवेगळ्या घड्याळांच्या भागांतून जोडलेले होते, आणि त्यात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचे कंपनीने सांगितले. यंत्र, धातू, रूप, काहीही २०२१ पेक्षा वेगळे नव्हते. फक्त ते एकत्र जन्मले नव्हते एवढे कळले आणि ३१ लाखांना कसलाच आधार उरला नाही.

बोईसर, पालघर, डहाणूच्या घरांतून आजही अशी घड्याळे कपाटांत आहेत. बहुतेकांची बाजारातली किंमत थोडीच आहे आणि लिलावाची आशा धरू नये. एचएमटी वॉचेस कंपनी २०१६ मध्ये बंद झाल्यावर तिच्या जुन्या घड्याळांना मागणी आली, पण त्यांतली मूळ डायलची थोडी आणि रंगवलेली पुष्कळ. घड्याळ दुरुस्तीला देताना मशीन साफ करून तेल घालायला सांगावे, डायल रंगवायला आणि केस पॉलिश करायला नको म्हणावे. काटा किंवा चावी बदलणे भागच पडले तर काढलेला जुना भाग परत मागून पाकिटात ठेवावा. निवृत्तीच्या वेळी कंपनीने दिलेल्या घड्याळाच्या पाठीवर नाव आणि तारीख कोरलेली असते. त्याच्यासोबत त्या समारंभाचे छायाचित्र आणि पत्र असेल तर तिन्ही एकाच डबीत असावीत.